केट्टीच्या सुया आणि बर्मिंगहॅमचा लिफाफा: 16,000 नव्या शेअरचं प्रकरण

निलगिरीत उटीजवळ केट्टी नावाचं गाव आहे. तिथला सुयांचा कारखाना नीडल इंडस्ट्रीज (इंडिया) या कंपनीचा. 1949 मध्ये ही कंपनी निघाली तेव्हा तिची सगळी मालकी इंग्लंडमधल्या स्टडलीच्या नीडल इंडस्ट्रीजकडे होती. पुढे बर्मिंगहॅमच्या न्यूई ब्रदर्सशी करार झाला, इंग्लंडकडचे शेअर बर्मिंगहॅममधल्या एका होल्डिंग कंपनीच्या (दुसऱ्या कंपनीचे शेअर बाळगणाऱ्या कंपनीच्या) नावावर गेले आणि दरम्यान भारतीय भागधारकही आले. 1977 च्या मे महिन्यात एका बोर्ड मीटिंगमध्ये 16,000 नवे शेअर वाटले गेले आणि बहुमत इंग्लंडकडून भारतीय भागधारकांकडे आलं. त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 7 मे 1981 चा तो निकाल सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिला. ते जन्माने पुण्याचे आणि तिथल्याच आयएलएस लॉ कॉलेजचे विद्यार्थी. कंपनी कायद्याच्या अभ्यासक्रमात हा निकाल आजही असतो.

वर्गात त्याची चर्चा होते ती अल्पमतातल्या किंवा बहुमतातल्या भागधारकांच्या दडपशाहीच्या अंगाने. मला हे प्रकरण दुसऱ्याच कारणासाठी पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. नवे शेअर काढताना कंपनी दोन प्रकारचे कागद तयार करते. एक सरकारदरबारी जातो, दुसरा भागधारकाच्या हाती पडायचा असतो. पहिल्याची मुदत सगळ्यांना पाठ असते, कारण ती चुकली तर दंड बसतो. दुसऱ्याकडे दुर्लक्ष होतं. या प्रकरणातला सगळा वाद त्या दुसऱ्या कागदाचा आहे.

आकडे आधी

1977 च्या सुरुवातीला कंपनीचे एकूण 32,000 शेअर होते, प्रत्येकी 100 रुपये दर्शनी किमतीचे. त्यातले 18,990 होल्डिंग कंपनीकडे, म्हणजे 59.34 टक्के. उरलेले 13,010 भारतीयांकडे. त्यांच्यात सर्वांत मोठा गट व्यवस्थापकीय संचालकांचा होता, साधारण 28.5 टक्क्यांचा.

परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे ‘फेरा’, 1 जानेवारी 1974 पासून लागू झाला. त्याच्या कलम 29 प्रमाणे अनिवासी मालकी 40 टक्क्यांच्या वर असलेल्या कंपनीला भारतात धंदा सुरू ठेवायचा तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे. याच कायद्यापायी त्या दशकात कोका-कोला आणि आयबीएम यांनी देश सोडला, तर अनेक परदेशी कंपन्यांनी भारतीय गुंतवणूकदारांना शेअर देऊन आपला वाटा खाली आणला. नीडल इंडस्ट्रीजला मे 1976 मध्ये रिझर्व्ह बँकेची परवानगी मिळाली ती अटीवर. वर्षभरात, म्हणजे 17 मे 1977 पर्यंत, अनिवासी हिस्सा 40 टक्क्यांवर आणायचा होता.

59.34 वरून 40 वर यायला दोन वाटा होत्या. होल्डिंग कंपनीने आपले काही शेअर भारतीयांना विकायचे, किंवा कंपनीने नवे शेअर काढून ते भारतीयांना द्यायचे. टक्केवारीच्या तक्त्यात दोन्हींचा शेवट सारखाच दिसतो, पण पैसा कुणाकडे जातो हे पाहिलं की फरक कळतो. पहिल्या वाटेने होल्डिंग कंपनीला 6,190 शेअर विकावे लागले असते आणि त्यांची किंमत तिच्याच खात्यात जमा झाली असती. दुसऱ्या वाटेने किमान 15,475 नवे शेअर काढावे लागणार होते. त्यांचे पैसे कंपनीच्या तिजोरीत जाणार होते आणि होल्डिंग कंपनीचा टक्का घसरूनही तिच्या हाती काही पडणार नव्हतं. शिवाय नव्या शेअरचा भाव खऱ्या किमतीपेक्षा कमी ठेवला तर तिच्या जुन्या शेअरांची किंमतही उतरणार होती. टक्का कमी करायचा यावर वाद असायचं कारण नव्हतं, कायदाच तसा होता. कुणाच्या खर्चाने करायचा, यावर मात्र दोन्ही बाजूंचं जमलं नाही. मार्च 1977 च्या शेवटी व्यवस्थापकीय संचालक बर्मिंगहॅमला जाऊन बोलून आले. तोडगा निघाला नाही.

6 एप्रिल ते 2 मे

6 एप्रिल 1977 रोजी संचालक मंडळाने 16,000 नवे शेअर हक्कभाग (राइट्स इश्यू) म्हणून काढायचं ठरवलं. दोन जुन्या शेअरांमागे एक नवा, भाव दर्शनी किमतीइतका, 100 रुपये. स्वीकारायला प्रस्तावाच्या तारखेपासून 16 दिवस. कायद्यातली किमान मुदत 15 दिवसांची होती, त्यामुळे कागदावर ठराव चोख होता.

या ठरावातलं एक गणित मात्र नीट पाहायला हवं. हक्कभागात प्रत्येकाला त्याच्या प्रमाणात शेअर देऊ केले जातात. होल्डिंग कंपनीच्या वाट्याला 9,495 येत होते. तिने ते सगळे घेतले असते तर टक्का पुन्हा 59.34 वरच राहिला असता आणि रिझर्व्ह बँकेची अट तशीच पडून राहिली असती. एकही घेतला नाही, तर 48,000 पैकी 18,990, म्हणजे 39.56 टक्के. म्हणजे ठराव यशस्वी व्हायचा तर सर्वांत मोठ्या भागधारकाने प्रस्ताव नाकारणं भाग होतं. सगळ्यांना समान संधी देणारा म्हणून हक्कभागाचा मार्ग निर्दोष समजला जातो. इथे तो ज्या हेतूने निवडला गेला, तो हेतूच एकाने संधी न घेण्यावर अवलंबून होता. मंडळाला हे ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही, कारण 16,000 हा आकडा 15,475 च्या किती जवळ आहे ते उघड दिसतं.

प्रस्तावाच्या पत्रांवर तारीख पडली 14 एप्रिल. सोळा दिवस मोजले की 30 एप्रिल. होल्डिंग कंपनीचं पत्र मद्रासहून टपालात पडलं 27 एप्रिलला. मुदत संपायला तीन दिवस उरलेले असताना ते इंग्लंडकडे निघालं आणि तिथे पोहोचलं 2 मेला. त्याच दिवशी भारतात संचालक मंडळाची बैठक भरली आणि 16,000 शेअर भारतीय भागधारकांना वाटून झाले. त्या बैठकीची सूचनाही इंग्लंडमधल्या संचालकांना वेळेत मिळाली नाही. प्रस्ताव हाती पडला तेव्हा तो संपलेला होता आणि बैठकीची खबर मिळाली तेव्हा बैठक होऊन गेली होती.

14 तारखेचं पत्र 27 पर्यंत कुठे होतं? या प्रश्नाचं कुठलंही उत्तर कंपनीच्या बाजूने पटणारं नव्हतं. मुदत 16 दिवसांची ठेवली होती, पण ती पत्रावरच्या तारखेपासून धरली होती, पोहोचण्यापासून नव्हे. देशातल्या देशात हे चालून गेलं असतं. समुद्रापलीकडच्या भागधारकाला, टपालाच्या त्या काळात, 13 दिवस उशिरा धाडलेलं पत्र म्हणजे प्रस्ताव न दिल्यासारखंच.

नोंदी कुणी, कशाच्या केल्या

नव्या शेअरचं वाटप झालं की त्याचा माग तीन ठिकाणी उमटतो. कंपनीच्या स्वतःच्या सभासद नोंदवहीत, कंपनी निबंधकाकडे भरायच्या विवरणात, आणि परकीय मालकीचा संबंध असेल तर रिझर्व्ह बँकेकडे. 1956 च्या कायद्यात वाटपाचं विवरण कलम 75 खाली भरायचं असे. किती शेअर, कुणाला, किती रुपयांना, पैसे किती आले, एवढंच त्यात लिहायचं. निबंधक कार्यालय ते दाखल करून घेतं. वाटप योग्य होतं की नाही, प्रस्ताव सगळ्यांपर्यंत पोहोचला की नाही, हे तपासणं त्याचं काम नाही आणि तसा रकानाही त्या अर्जात नव्हता. रिझर्व्ह बँकेला एकच आकडा हवा होता, 40 च्या आतला. 39.56 ने तो भागला.

अशा रीतीने दोन्ही नियामकांच्या नजरेतून हे प्रकरण स्वच्छ आहे. ज्याचं बहुमत गेलं त्याच्या नजरेतून ते वेगळं दिसतं, आणि त्याच्यासाठी सरकारी दप्तरात जागाच नाही. त्याला न्यायालयात जावं लागतं. निबंधकाकडे नोंद झाली म्हणजे व्यवहार पक्का झाला, असं समजणारे संचालक आजही भेटतात. ती नोंद कंपनीने काय कळवलं एवढंच सांगते. कळवलेलं खरं आणि कायदेशीर होतं की नाही, हा प्रश्न नोंदीनंतरही उघडाच राहतो. विवरण भरल्यावर वर्षांनीही वाटप रद्द होऊ शकतं. 2004 मध्ये डेल अँड कॅरिंग्टन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं तेच केलं. तिथे व्यवस्थापकीय संचालकाने स्वतःच्याच नावे शेअर वाटून बहुमत मिळवलं होतं.

कायद्याचा अवघड सांधा

होल्डिंग कंपनीचा युक्तिवाद साधा होता. पत्र वेळेत मिळालं असतं तर फेरामुळे ते 9,495 शेअर आम्ही स्वतः घेतले नसते हे मान्य, पण आमचा हक्क सोडून तो पसंतीच्या एखाद्या भारतीयाच्या नावे केला असता. 1956 च्या कायद्याच्या कलम 81 मध्ये तशी सोय होती. कंपनीच्या नियमावलीत वेगळं काही नसेल तर हक्कभागाच्या प्रस्तावात तो दुसऱ्याच्या नावे सोडण्याचा अधिकार धरलेलाच असे.

अडचण कंपनीच्या जातकुळीची होती. नीडल इंडस्ट्रीज मुळात प्रायव्हेट कंपनी. कलम 43-अ मुळे मात्र ती पब्लिक कंपनी मानली गेली होती. उलाढाल किंवा इतर कंपन्यांकडचा भागभांडवलाचा हिस्सा ठरावीक मर्यादेपुढे गेला की त्या कलमाने प्रायव्हेट कंपनीचं रूपांतर आपोआप होई. तरीही अशा कंपनीला आपल्या नियमावलीतली तिन्ही जुनी बंधनं ठेवता येत: शेअर हस्तांतरणावर मर्यादा, सभासद पन्नासच्या आत, आणि जनतेला शेअर देऊ करायला मनाई. नाव पब्लिकचं, आतला कारभार प्रायव्हेटचा.

न्यायालयाने म्हटलं की कायद्यात या कंपन्यांचा तिसराच प्रकार आहे. कलम 81 मधून प्रायव्हेट कंपनीला मिळणारी सूट तिला मिळत नाही, म्हणून हक्कभागाचा प्रस्ताव तिने द्यायलाच हवा. पण तो हक्क बाहेरच्या कुणाच्याही नावे सोडण्याची मुभा तिला लागू होत नाही, कारण ती नियमावलीतल्या बंधनांशी जुळत नाही. हा सांधा चंद्रचूडांनी फार काळजीपूर्वक बसवला आहे, आणि निकालाचं पुढचं सगळं वजन त्याच्यावर आहे. स्वतः शेअर घेणं फेरामुळे शक्य नाही, बाहेरच्याला देणं नियमावलीमुळे शक्य नाही. पत्र वेळेत मिळालं असतं तरी होल्डिंग कंपनीचं बहुमत टिकलं नसतं. (कलम 43-अ 2000 च्या दुरुस्तीनंतर निरुपयोगी झालं आणि ही तिसरी जात कायद्यातून गेली. म्हणून आजच्या वाचकाला हा भाग थोडा परका वाटतो.)

दोन न्यायालयं, तीन उत्तरं

मद्रास उच्च न्यायालयात होल्डिंग कंपनीने कलम 397 आणि 398 खाली, म्हणजे दडपशाही आणि गैरकारभाराबद्दल, अर्ज केला. एकल न्यायाधीशांनी होल्डिंग कंपनीचं नुकसान रुपयांत मोजून भरपाईचा मार्ग धरला. खंडपीठ त्याच्या पुढे गेलं आणि कारभारात हस्तक्षेप करण्याइतका गंभीर अन्याय झाल्याचं त्याने मानलं. त्यावरून अपील सर्वोच्च न्यायालयात आलं.

तिथे पहिला प्रश्न हेतूचा निघाला. संचालकांना नवे शेअर काढायचा अधिकार असतो तो कशासाठी? फक्त भांडवल उभारायला, की आणखी कशासाठी? इंग्लंडमधल्या अनेक निकालांनी म्हटलं होतं की बहुमत आपल्याकडे वळवण्यासाठी हा अधिकार वापरला तर तो गैरवापर. न्यायालयाने ते तत्त्व नाकारलं नाही. पण भांडवलाची गरज हे एकमेव योग्य कारण नाही, असं स्पष्ट केलं. कंपनीला कायद्यात बसवणं, तिचा धंदा चालू ठेवणं, हेही कंपनीचंच हित आहे. त्या हितासाठी केलेल्या वाटपातून संचालकांचा भागधारक म्हणून फायदा झाला, तर तेवढ्याने वाटप बाद होत नाही. 17 मेच्या मुदतीचा विचार करता 6 एप्रिलचा ठराव न्यायालयाला योग्य वाटला.

2 मेच्या बैठकीबद्दल सूर निराळा आहे. इंग्लंडमधल्या संचालकांना आणि भागधारकाला मिळायला हवी होती तशी सूचना मिळाली नाही, हे न्यायालयाने झाकलं नाही. मात्र एखादं कृत्य बेकायदा असणं आणि ते दडपशाहीचं असणं यात त्याने फरक केला. एकटंदुकटं बेकायदा कृत्य दडपशाही ठरेलच असं नाही. एकामागून एक अशी कृत्यं घडत गेली आणि ती एकाच हेतूने गुंफलेली दिसली, तर ठरेल. इथे तशी साखळी दिसली नाही, आणि मालकी खाली आणण्याची कायदेशीर गरज तर दोन्ही बाजूंवर सारखीच होती. होल्डिंग कंपनीचा दडपशाहीचा आरोप टिकला नाही. वाटप कायम राहिलं, बहुमत भारतीयांकडेच राहिलं.

इथे निकाल संपला असता तरी कुणी तक्रार केली नसती. पण चंद्रचूडांनी पुढचं पाऊल टाकलं, आणि माझ्या मते या निकालाचं खरं मोल तिथे आहे. दडपशाही सिद्ध झाली नाही म्हणून न्यायालयाचे हात बांधले जात नाहीत, असं त्यांनी म्हटलं. 2 मेची बैठक कायद्याप्रमाणे झाली असती तर दोन्ही बाजू जिथे असत्या, शक्य तितकं तिथेच त्यांना नेऊन ठेवणं न्यायालयाच्या अधिकारात आहे. शेअरची किंमत 190 रुपये धरली गेली. होल्डिंग कंपनीच्या वाट्याचे 9,495 शेअर व्यवस्थापकीय संचालकांच्या गटाने 100 रुपयांना घेतले होते. शेअरमागे 90 रुपयांचा आयता लाभ, एकूण 8,54,550 रुपये. ही रक्कम त्या गटाने होल्डिंग कंपनीला द्यावी, असा आदेश झाला. ती गटाने स्वतःच्या खिशातून द्यायची होती, कंपनीच्या पैशातून नव्हे. हा तपशील फार महत्त्वाचा आहे. कंपनीने दिली असती तर त्यातला 39.56 टक्के भार पुन्हा होल्डिंग कंपनीच्याच अंगावर पडला असता.

आज हेच घडलं तर

समजा, आजच्या एखाद्या प्रायव्हेट कंपनीत हीच परिस्थिती आली. परदेशी भागधारक 59 टक्क्यांवर, बाकी भारतीय, आणि हक्कभाग काढायचा आहे. 2013 च्या कायद्याचं कलम 62 लागू होईल. प्रस्ताव किमान 15 दिवस खुला ठेवायचा, कमाल 30 दिवस. 2021 च्या नियमाने किमान मुदत 7 दिवसांवर आणता येते. पण त्याच कलमात एक पोटकलम आहे, आणि ते वाचताना 27 एप्रिलला टपालात पडलेलं ते पत्र आठवल्याशिवाय राहत नाही. प्रस्तावाची सूचना इश्यू उघडण्याच्या किमान तीन दिवस आधी धाडायची, आणि ती नोंदणीकृत टपालाने, स्पीड पोस्टाने, इलेक्ट्रॉनिक मार्गाने, कुरिअरने, किंवा पोहोच मिळाल्याचा पुरावा देणाऱ्या दुसऱ्या मार्गाने. मुदत मोजायला लागण्याआधी पत्र निघालेलं असलं पाहिजे, आणि ते मिळाल्याचा पुरावा कंपनीच्या फाइलमध्ये हवा. प्रायव्हेट कंपनीला याहून कमी मुदत चालते, पण त्यासाठी 90 टक्के सभासदांची लेखी संमती लागते. सभासद मोजकेच असतील आणि 59 टक्केवाला विरोधात असेल तर ती मिळणार नाही.

दुसरा बदल शब्दांचा आहे, पण परिणाम मोठा. नाकारलेल्या शेअरांचं काय करायचं? जुन्या कायद्यात संचालकांना ते ‘कंपनीच्या सर्वाधिक हिताच्या’ रीतीने देता येत. नव्या कायद्यात ‘भागधारकांना आणि कंपनीला तोट्याचं ठरणार नाही’ अशी अट आहे. भागधारक हा शब्द आधी तिथे नव्हता. आज तेच 9,495 शेअर 190 च्या ऐवजी 100 ला आपल्याच गटात वाटायचे तर या शब्दाला उत्तर द्यावं लागेल.

नोंदणीची बाजू पाहू. अधिकृत भांडवल, म्हणजे कंपनीला शेअर काढायची कमाल मर्यादा, पुरेसं नसेल तर ते आधी वाढवून निबंधकाकडे एसएच-7 हा अर्ज भरायचा. वाटप झाल्यावर पीएएस-3, म्हणजे वाटपाचं विवरण, तीस दिवसांत. कंपनी ‘स्मॉल’ व्याख्येत बसत नसेल तर नवे शेअर डीमॅटमध्येच द्यायचे, म्हणून वाटपाआधी आयएसआयएन (शेअरांचा ओळख क्रमांक) हवा. मुद्रांक शुल्क 1 जुलै 2020 पासून देशभर एकच आहे, नव्या शेअरवर 0.005 टक्के. रिझर्व्ह बँकेकडे तिच्या फर्म्स या ऑनलाइन पोर्टलवर एफसी-जीपीआर हा अर्ज भरतात ते अनिवासी व्यक्तीला शेअर दिले तेव्हा, तीस दिवसांत. इथे मात्र एक गंमत होते जी बऱ्याच कार्यालयांत लक्षात येत नाही. अनिवासी भागधारकाने काही घेतलंच नाही, सगळे शेअर भारतीयांना गेले, तर एफसी-जीपीआर भरायचाच नसतो. त्याचा टक्का 59 वरून 39 वर आला, बहुमत गेलं, आणि त्या घटनेची स्वतंत्र नोंद रिझर्व्ह बँकेकडे होत नाही. परकीय गुंतवणुकीच्या वार्षिक एफएलए विवरणात तो आकडा बदललेला दिसतो, एवढंच. जुने शेअर विकून हाच बदल झाला असता तर साठ दिवसांत एफसी-टीआरएस हा हस्तांतरणाचा अर्ज भरावा लागला असता, किमतीच्या नियमांसकट. एकाच परिणामाच्या दोन वाटा, आणि त्यातली एक नियामकाला जवळपास दिसतच नाही. म्हणून परदेशी भागधारकाची बाजू सांभाळणाऱ्याने पोर्टलवर भरवसा न ठेवता भागधारक करारात संरक्षण लिहून घ्यावं.

कर हा 1977 मध्ये नसलेला मुद्दा. आज आपल्या प्रमाणापेक्षा जास्तीचे शेअर बाजारभावापेक्षा कमी किमतीला मिळाले तर आयकराचा प्रश्न घेणाऱ्यासमोर उभा राहतो. प्रमाणात घेतले तर सहसा अडचण नाही, दुसऱ्याने सोडलेले घेतले तर आहे. तेव्हा 90 रुपयांचा फरक न्यायालयाने परत करायला लावला. आज त्याच्यावर आयकर अधिकाऱ्याचीही नजर जाईल.

90 रुपये पुरेसे होते का

निकालावर एक आक्षेप घेतला जातो: बहुमत गमावणाऱ्याला शेअरमागे 90 रुपये म्हणजे काहीच नाही, नियंत्रणाची किंमत कुठे गेली? मला हा आक्षेप पटत नाही. नियंत्रण होल्डिंग कंपनीकडून 2 मेच्या बैठकीने गेलं नाही. ते फेराच्या कलम 29 ने गेलं. 17 मेनंतर 59.34 टक्के ठेवून कंपनीला धंदाच करता आला नसता. वाटप नीट झालं असतं तरी ती 40 च्या खालीच असती. जे कायद्याने जाणारच होतं त्याची किंमत वाटप करणाऱ्यांकडून मागता येत नाही.

उलट हिशोब बारकाईने केला तर न्यायालयाने हात थोडा सैलच सोडला असं दिसतं. 190 हा भाव नवे शेअर येण्याआधीचा धरला, तर 32,000 शेअरांची किंमत 60,80,000 होते. त्यात नव्या शेअरांचे 16,00,000 मिळवले आणि 48,000 ने भागलं की वाटपानंतरचा भाव येतो 160. म्हणजे जुन्या शेअरामागे नुकसान 30 रुपयांचं, आणि 18,990 शेअरांवर 5,69,700. भाव वाटपानंतरचा धरला तरच 8,54,550 नेमका बसतो. जुने शेअर विकण्याची पहिली वाट धरली असती तर 6,190 शेअरांचे 190 दराने 11,76,100 होल्डिंग कंपनीला मिळाले असते, पण त्या बदल्यात शेअरही हातचे गेले असते. इथे तिचे सगळे 18,990 तिच्याकडेच राहिले. 39.56 टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त मतं लागणारा साधा ठराव तिच्या मर्जीवर होणार नाही, पण तीनचतुर्थांश मतं लागणारा विशेष ठराव तिच्याशिवायही होणार नाही. नियमावली बदलायची तर तिला विचारावंच लागेल, आणि त्या मतदानाची सूचना तिला वेळेत पाठवावी लागेल.